पोट साफ झाल्यासारखे का वाटत नाही? आयबीएस असलेल्यांनी कोणती तपासणी, केव्हा आणि कशासाठी करावी

कोल्हापुरात पोटाच्या विकारांसाठी दवाखान्यात येणारी माणसे ‘पोट साफ होत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारतात, की त्याचा नेमका अर्थ विचारण्याचे भान ऐकणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही, अनेकदा राहत नाही. ज्यांना आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असल्याचे आधीच सांगितलेले असते, त्यांची ही तक्रार तर सरळ त्याच निदानाच्या खाती जमा होते आणि जुन्या गोळ्या पुढे चालू राहतात. आयबीएस असलेल्या माणसाच्या मलविसर्जनाच्या क्रियेत स्वतंत्र दोष असू शकतो, तो शोधून काढता येतो आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो दुरुस्तही होतो. त्याचा शोध महागड्या यंत्रापासून सुरू होत नाही. नीट विचारलेले प्रश्न, आठवडा-दोन आठवड्यांची नोंद आणि डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी, एवढ्यावर पुढची बरीचशी दिशा ठरते.

आयबीएसचे निदान सध्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोम ४’ या निकषांनुसार केले जाते. मागील तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांमधील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी संबंध असणे (या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी लागू असणे), तसेच त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असणे, असा त्या निकषांचा गाभा आहे. म्हणजे पोटदुखी नसेल तर तो आयबीएस नव्हे. केवळ शौचाला कठीण होते किंवा अपुरे होते म्हणून कोणी स्वतःला आयबीएसचा रुग्ण म्हणवून घेत असेल, तर तिथेच गल्लत आहे.

अपुरे झाल्याची भावना मात्र या आजाराशी फार जुनी जोडलेली आहे. १९७८ साली ब्रिटनमध्ये मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएस ओळखण्यासाठी सहा लक्षणे सुचवली. शौचानंतरही पोट रिकामे झाले नाही असे वाटणे आणि चिकट आव पडणे ही दोन लक्षणे त्या सहांमध्ये होती. त्यामुळे ही तक्रार आयबीएसमध्ये असणे स्वाभाविकच आहे. अडचण अशी, की ती इतरही अनेक कारणांनी होते आणि ही कारणे एकाच माणसात आयबीएसच्या जोडीने नांदू शकतात.

तक्रारीची फोड

समजा, राजारामपुरीत राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक शिक्षिका डॉक्टरांना सांगतात, ‘‘रोज हुतंय हो डॉक्टर, पण झाल्यासारखं वाटत न्हाई. परत बसावं वाटतंय.’’ त्यांच्यामागे बसलेले, एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणतात, ‘‘अर्धा तास कुंथतोय, तवा कुठं थोडं पडतंय.’’ दोघांच्याही केसपेपरवर ‘बद्धकोष्ठता, आयबीएस’ असेच लिहिले जाण्याची शक्यता आहे, पण दोघांची तक्रार एक नाही. शिक्षिकांचे गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, कदाचित पूर्ण रिकामे झालेले असेल आणि तरीही तिथल्या मज्जातंतूंकडून ‘अजून आहे’ असा निरोप मेंदूला जात असेल. गृहस्थांचा मल गुदाशयात येऊन थांबलेला असेल आणि दार उघडत नसेल. पहिल्या प्रकारात जुलाबाचे चूर्ण दिले तर त्रास वाढतो, आणि दुसऱ्या प्रकारात नुसते चूर्ण पुरे पडत नाही.

म्हणून विचारायचे प्रश्न नेमके हवेत. मल खड्यासारखा घट्ट असतो की मऊ? मऊ असूनही जोर करावा लागतो का? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घट्ट मलाला जोर लागणे समजण्यासारखे आहे, परंतु मऊ मल बाहेर काढण्यासाठी घाम फुटेपर्यंत कुंथावे लागत असेल तर दोष मलात नसून वाटेत आहे. एकदा बसल्यावर किती वेळ जातो? उठल्यानंतर तासाभरात पुन्हा जावे लागते का, आणि गेल्यावर काही होते की केवळ गॅस आणि थोडा चिकट स्राव? अचानक इतकी घाई होते का, की रस्त्यात असताना आधी शौचालय शोधावे लागते? कपड्याला लागते का? आणि शेवटी तो प्रश्न, जो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही: मल बाहेर येण्यासाठी बोटाचा आधार घ्यावा लागतो का? काही स्त्रियांना योनिमार्गाच्या मागच्या भिंतीवर किंवा गुदद्वाराच्या शेजारी दाब दिल्याशिवाय शौच होत नाही. वर्षानुवर्षे त्या हे करत असतात आणि नवऱ्यालाही बोललेल्या नसतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने ती अत्यंत मोलाची माहिती आहे, कारण गुदाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगण्याच्या विकाराकडे, म्हणजे रेक्टोसीलकडे, ती बोट दाखवते.

‘रोज व्हायलाच हवे’ हा आपल्याकडचा समज इथे आणखी गोंधळ घालतो. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांच्या दरम्यानचे प्रमाण वैद्यकीय दृष्ट्या स्वाभाविक मानले जाते. भारतात बहुतेक निरोगी माणसे रोज एकदा किंवा त्याहून अधिक वेळा जातात, त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकातील ‘आठवड्यातून तीनपेक्षा कमी’ ही बद्धकोष्ठतेची खूण आपल्या अनेक रुग्णांना लागूच पडत नाही. रोज एकदा जाऊनही त्यांचा त्रास खरा असतो, आणि वारंवारता मोजून तो दिसत नाही. तो मलाचे स्वरूप, लागणारा जोर आणि अपुरेपणा यांत दडलेला असतो.

आत नेमके काय घडते

मोठ्या आतड्यातून मल खाली सरकून गुदाशयात आला की गुदाशयाची भिंत ताणली जाते आणि शौचाची जाणीव होते. त्याच क्षणी गुदद्वाराचा आतला गोलाकार स्नायू आपोआप थोडा सैल पडतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या इच्छेच्या ताब्यात असतो आणि योग्य जागा मिळेपर्यंत आपण तो आवळून ठेवतो. याशिवाय प्युबोरेक्टॅलिस नावाचा एक स्नायू गुदाशयाला मागून पट्ट्यासारखा वेढा घालून पुढे ओढून धरतो. त्यामुळे गुदाशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये सुमारे काटकोन तयार होतो आणि चालताना, खोकताना मल जागच्या जागी राहतो. शौचाला बसल्यावर पोटातून दाब यायला हवा आणि त्याच वेळी हा पट्टा व बाहेरचा स्नायू सैल पडायला हवेत, म्हणजे तो कोन उघडतो आणि वाट सरळ होते.

काही माणसांत नेमके उलटे घडते. जोर केला की स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. पोत्याचे तोंड मुठीत आवळून धरायचे आणि पोते वरून दाबायचे, तसा हा प्रकार आहे. यास वैद्यकीय भाषेत डिससिनर्जिया म्हणतात. हा जन्मजात दोष असतोच असे नाही. दीर्घकाळ घट्ट मलाशी झुंजल्याने, वेदनेच्या भीतीने, शाळेत-कामावर वेग दाबून ठेवण्याच्या सवयीने, कधी बाळंतपणातील इजेनंतर, तर कधी लैंगिक अत्याचाराच्या अनुभवानंतर शरीर ही चुकीची हालचाल शिकते. आणि जे शिकलेले आहे ते बहुधा पुसून नव्याने शिकताही येते. उपचाराची सगळी भिस्त याच गोष्टीवर आहे.

दुसरी बाजू जाणिवेची. आयबीएसच्या अनेक रुग्णांचे गुदाशय नेहमीपेक्षा अधिक संवेदनशील असते. आत फुगा ठेवून हळूहळू हवा भरली, तर निरोगी माणसाला ज्या टप्प्यावर काहीच वाटत नाही, त्या टप्प्यावर यांना कळ येते किंवा घाई होते. अशा माणसाला थोडासा गॅस किंवा चिकट स्रावही ‘उरलेला मल’ वाटतो. तो पुन्हा बसतो, पुन्हा जोर करतो, जोर करून गुदाशयाचे अस्तर सुजते, आणि सुजलेले अस्तरच आणखी काही उरले असल्याची भावना निर्माण करते. हे चक्र तोडायचे असेल तर ‘आत काही नाही, उठायला हरकत नाही’ याची खात्री तपासणीतून मिळणे हाही उपचाराचा भाग ठरतो. याच्या उलट, फार वर्षे वेग दाबून ठेवणाऱ्या काही माणसांत गुदाशयाची जाणीव बोथट होते आणि मल साठूनही हाक येत नाही.

आधी काय वगळायचे

शौचावाटे रक्त जाणे, प्रयत्न न करता वजन घटणे, रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पोटात लागणारी गाठ, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, किंवा वयाच्या ४५ ते ५० नंतर प्रथमच शौचाच्या सवयीत झालेला बदल, यांपैकी काहीही असेल तर आयबीएसचे जुने निदान बाजूला ठेवून कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीतून मोठे आतडे तपासण्याचा, विचार लवकर करावा लागतो. रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून मलम लावत राहण्याची आपल्याकडची सवय घातक आहे, कारण गुदाशयाचा कर्करोगही रक्ताने आणि अपुरेपणाच्या भावनेनेच सुरू होऊ शकतो. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी अडणे आणि पायांत अशक्तपणा ही लक्षणे शौचाच्या त्रासासोबत अचानक आली, तर तो मणक्यातील नसांवरचा दाब असू शकतो आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

धोक्याच्या खुणा नसतील तर प्राथमिक तपासण्या मोजक्याच पुरतात. रक्ताची सर्वसाधारण तपासणी आणि दाह दाखवणारी सीआरपी ही पहिली. पातळ होण्याचा त्रास असेल तर मलातील कॅल्प्रोटेक्टिन या दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची तपासणी करून घेणे उपयोगी ठरते. ते प्रतिग्रॅम ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले तर आतड्याला दाह असण्याची शक्यता फारच कमी उरते. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर मात्र हा आकडा उगाच वाढू शकतो, म्हणून ते आधीच सांगावे. गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक आजारासाठीची रक्ततपासणी करायची असल्यास ती गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. कोणाच्या सांगण्यावरून आधीच चपाती सोडली असेल तर अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून दिसतो, तोही ताप, वजनातील घट आणि उजव्या बाजूचे दुखणे असल्यास मनात ठेवावा लागतो. गंगावेशीत सकाळी धारोष्ण दूध पिण्याची आवड असलेल्या माणसाला त्यानंतर तास-दोन तासांत गुरगुर, गॅस आणि घाई होत असेल, तर दुधातील साखर न पचण्याचा विचार करून आठ-पंधरा दिवस दूध बंद ठेवून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

शौचावाटे चिकट आव पडली की अमिबा समजून दुकानातून गोळ्या आणून खाण्याची पद्धत आपल्याकडे घराघरांत आहे. आव म्हणजे आतड्याच्या अस्तराचा स्राव, तो आयबीएसमध्ये आणि जास्त कुंथण्यानेही वाढतो. मलाच्या तपासणीत काही सापडल्याशिवाय जंतूंवरचे औषध पुन्हा पुन्हा घेतल्याने त्रास कमी होत नाही.

चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे हे काम कमी महत्त्वाचे समजले जाते, पण त्यातून अनेकदा उत्तर मिळते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे, हे सर्व शौच अडवू शकतात. खुद्द आयबीएसच्या कळांसाठी दिलेली डायसायक्लोमिनसारखी औषधे आणि ॲमिट्रिप्टिलिन हीदेखील त्यातच मोडतात.

वृद्धांच्या बाबतीत एक फसवे चित्र असते. गुदाशयात घट्ट मलाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी झिरपत राहते. घरचे म्हणतात, ‘आजोबांना जुलाब होतात’, आणि जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते. बोटाने तपासले असते तर गोळा तिथल्या तिथे लागला असता.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील नोंद

केनेथ हीटन हे ब्रिस्टल येथील वैद्यक मॅनिंग यांच्या १९७८ च्या त्या अभ्यासात सहभागी होते आणि पुढे १९९७ साली त्यांनी व लुईस यांनी मलाच्या स्वरूपाचा सात प्रकारांचा तक्ता प्रसिद्ध केला. पहिला प्रकार सुट्या खड्यांचा, दुसरा गाठाळ, तिसरा आणि चौथा स्वाभाविक, पाचवा मऊ तुकड्यांचा, सहावा लगद्यासारखा आणि सातवा निव्वळ पाण्यासारखा. मल आतड्यात किती वेळ राहिला याचा अंदाज या स्वरूपावरून येतो. आठवड्यातून किती वेळा गेलो या आकड्यापेक्षा तो अंदाज अधिक विश्वसनीय असतो.

स्वयंपाकघरातील ज्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिला जातो, तिच्याच मागे दोन आठवडे नोंद ठेवली तरी चालते. वर उल्लेखलेल्या शिक्षिकांची नोंद अशी दिसेल: ‘मंगळवार. सकाळी ७, प्रकार ५, जोर नाही, तरी अपुरे. ७.४०, थोडेच, चिकट. ९.१५, फक्त गॅस.’ गृहस्थांची अशी: ‘मंगळवार. सकाळी ६, प्रकार ४, २५ मिनिटे, खूप जोर. दुपारी पुन्हा, काही नाही. पोट फुगलेले.’ दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणाला कोणत्या वाटेने न्यायचे, हे अनुभवी डॉक्टरांना पाच मिनिटांत दिसते. चहा, तंबाखू किंवा मिसरी घेतल्याशिवाय वेग येत नसेल, तर तेही लिहावे. पोट कधी दुखले आणि शौचानंतर ते कमी झाले की वाढले, हे तर लिहायलाच हवे.

बोटाने केलेली तपासणी

ही तपासणी टाळली जाते, हे मला या सगळ्या विषयातील सर्वांत मोठे दुर्दैव वाटते. रुग्णाला संकोच असतो, बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, पडदा नीट नसतो, सोबत परिचारिका नसते, आणि मग थेट सोनोग्राफीची किंवा कोलोनोस्कोपीची चिठ्ठी लिहिली जाते. वास्तविक दोन-तीन मिनिटांच्या या तपासणीत पुष्कळ काही कळते.

रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. डॉक्टर प्रथम बाहेरून पाहतात: चीर आहे का, कोंब आहेत का, जोर केल्यावर काही बाहेर येते का. मग वंगण लावलेले बोट हळुवार आत नेतात. आधी काहीही न करता स्नायूंचा ताण पाहतात. नंतर ‘वेग रोखून धरा’ असे सांगतात, तेव्हा बोटाभोवती पकड घट्ट व्हायला हवी. त्यानंतर दुसरा हात पोटावर ठेवून ‘शौचाला जोर करा’ असे सांगतात. पोटाचे स्नायू कडक व्हावेत, बोटाभोवतीची पकड सैल व्हावी आणि आसनाचा, म्हणजे गुदद्वाराभोवतीचा, भाग किंचित खाली उतरावा, हे अपेक्षित असते. पकड सैल होण्याऐवजी आवळली गेली, तर डिससिनर्जियाची दाट शंका येते. या पद्धतीने प्रशिक्षित हाताला असा दोष सुमारे ७५ टक्के रुग्णांत ओळखता येतो, असे अभ्यासात दिसले आहे. घट्ट गोळा, गाठ, रेक्टोसीलची पिशवी हेही बोटालाच लागते.

रुग्णाला आधी सर्व समजावून सांगणे, त्याची संमती घेणे आणि स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री असणे आवश्यक आहे. ‘थांबा’ म्हटल्यावर डॉक्टरांनी थांबलेच पाहिजे. पूर्वी अत्याचार सोसलेल्या व्यक्तीसाठी ही तपासणी फार जड जाऊ शकते, आणि ती त्या दिवशी न करणे हाही योग्य निर्णय असतो.

यंत्रांची पाळी केव्हा येते

अनेक रुग्ण कोलोनोस्कोपीचा ‘नॉर्मल’ अहवाल पिशवीतून घेऊन फिरतात आणि ‘सगळे नॉर्मल, तरी त्रास का?’ असे विचारतात. कोलोनोस्कोपीत आतड्याचे अस्तर दिसते. ती आतडे रिकामे करून, बहुधा गुंगी देऊन केली जाते, त्यामुळे शौचाला बसल्यावर स्नायू सैल पडतात की आवळतात, हे तिच्यात दिसूच शकत नाही. त्यासाठी क्रिया तपासावी लागते, आणि तीही प्रत्येकाची नव्हे. मल मऊ करण्याचे साधे उपाय काही आठवडे नीट करूनही जोर आणि अपुरेपणा कायम राहिला, किंवा बोटाच्या तपासणीत शंका आली, तरच पुढे जायचे.

यातील सर्वांत सोपी तपासणी फुग्याची आहे. एका बारीक नळीला जोडलेला फुगा गुदाशयात ठेवून त्यात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरतात आणि रुग्णाला शौचालयात, दार लावून, एकट्याने तो बाहेर टाकायला सांगतात. बहुतेक निरोगी माणसे एका मिनिटाच्या आत टाकतात, काही ठिकाणी दोन मिनिटांची सवलत देतात. न टाकता आला तर विसर्जनात अडथळा आहे, असे मानायला आधार मिळतो.

ॲनोरेक्टल मॅनोमेट्रीमध्ये दाब मोजणारी बारीक नळी आत ठेवून विश्रांतीचा, आवळण्याचा आणि जोर करण्याचा दाब संगणकावर उमटवतात, शिवाय छोटा फुगा हळूहळू फुगवून पहिली जाणीव, वेग आणि असह्य घाई केव्हा होते, हे नोंदवतात. आयबीएसच्या रुग्णासाठी हा दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण अतिसंवेदनशीलता आणि बोथट जाणीव दोन्ही तिथेच उघड होतात. मात्र कुशीवर झोपून, अनोळखी खोलीत, नळी घालून जोर करणे ही नैसर्गिक अवस्था नव्हे, त्यामुळे निरोगी माणसांपैकीही अनेकांचा आलेख सदोष दिसतो. म्हणूनच रोम निकष एका अहवालावर विसंबत नाहीत. फुगा, मॅनोमेट्री किंवा स्नायूंचा विद्युत आलेख, आणि विसर्जनाचे चित्रण, या तिन्हींपैकी दोहोंत दोष दिसला तरच विसर्जनाचा विकार मानला जातो. हेच निकष असेही मान्य करतात, की बद्धकोष्ठतेचा आयबीएस आणि विसर्जनाचा विकार एकाच माणसात एकत्र असू शकतात.

विसर्जनाच्या चित्रणाला डिफेकोग्राफी म्हणतात. गुदाशयात बेरियमची घट्ट पेस्ट भरून कमोडवर बसवून क्ष-किरणांत चित्रण करतात, किंवा जेल भरून एमआरआय यंत्रात करतात. रेक्टोसील, आतड्याचा एक भाग दुसऱ्यात घुसणे, आसनाचा भाग अवाजवी खाली उतरणे, हे त्यात दिसते. लहान रेक्टोसील अनेक निरोगी स्त्रियांतही आढळतो. तेवढ्यावरून शस्त्रक्रियेची घाई करू नये.

मल संपूर्ण आतड्यातूनच मंद गतीने सरकतो का, हे पाहण्यासाठी क्ष-किरणांत दिसणारे बारीक तुकडे कॅप्सूलमधून गिळायला देतात. परदेशांत २४ तुकडे देऊन पाचव्या दिवशी छायाचित्र काढतात आणि पाचाहून अधिक उरले तर गती मंद समजतात. भारतीयांचे आतडे त्यामानाने जलद चालते, म्हणून आपल्याकडील संशोधकांनी ३६ आणि ६० तासांनी छायाचित्र घेण्याची पद्धत बसवली आहे. दार बंद असल्यामुळेही मागची गती मंदावते, हे ध्यानात ठेवून आधी दाराचा दोष दुरुस्त करावा लागतो.

निष्कर्ष हाती आल्यावर

अतिसंवेदनशीलता निघाली तर जुलाबाची औषधे कमी करणे, वारंवार बसणे टाळणे, पातळ होत असेल तर ते आटोक्यात आणणे आणि जाणीव शांत करणारी औषधे कमी मात्रेत घेणे, अशी दिशा असते. डिससिनर्जिया निघाला तर बायोफीडबॅक हा मुख्य उपचार आहे. आत ठेवलेल्या संवेदकाचा दाब पडद्यावर रेषेच्या रूपात दिसतो. रुग्ण पोटाने श्वास घेऊन दाब देतो आणि त्याच वेळी खालची रेषा उतरवायला शिकतो, मग फुगा बाहेर टाकण्याचा सराव करतो. साधारण चार ते सहा बैठका लागतात. चाचण्यांमध्ये सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक रुग्णांना याचा लाभ झाला आहे आणि जोडीला आयबीएस आहे म्हणून हा उपचार फसतो, असे दिसलेले नाही. पोट फुगण्याचा त्रासही अनेकांचा कमी होतो.

इसबगोलाचा उपयोग घट्ट मलासाठी जरूर होतो, पण भरपूर पाण्याबरोबर आणि थोड्यापासून सुरुवात करून. कोंडा मात्र आयबीएसमध्ये अनेकदा गॅस आणि कळ वाढवतो. दार उघडतच नसेल तर तंतुमय पदार्थांचा भर टाकून फुगाराच वाढतो. तांबडा रस्सा आणि मिसळ सोडायला सांगणे हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला आहे. ज्यांची तिखटाने जळजळ आणि घाई वाढते, त्यांच्यासाठी तो योग्यच आहे, परंतु स्नायूंची चुकीची हालचाल पथ्याने सुधारत नाही.

उकिडवे बसल्याने गुदाशयाचा कोन अधिक उघडतो. गुडघे दुखतात म्हणून ज्यांनी घरात कमोड बसवला आहे, त्यांनी पायांखाली अर्धा-पाऊण फूट उंचीचा पाट किंवा स्टूल ठेवावे, किंचित पुढे झुकावे, मोबाईल बाहेर ठेवावा आणि दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. न्याहारीनंतरचा अर्धा तास सर्वांत अनुकूल असतो, कारण अन्न जठरात गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते.

मॅनोमेट्री आणि बायोफीडबॅकची सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे प्राथमिक तपासणी करून घ्यावी आणि पुढील तपासणीसाठी पुणे-मुंबईला पाठवले गेले, तर निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तिथे नुसती मॅनोमेट्री होते की बायोफीडबॅकही दिले जाते, हे विचारून घ्यावे, कारण केवळ आलेख घेऊन परतण्यात पैसे आणि प्रवास दोन्ही जातात. सोबत दोन आठवड्यांची नोंद, चालू औषधांची यादी, जुने अहवाल आणि आधीच्या बाळंतपणांची व गुदद्वारावरील शस्त्रक्रियांची माहिती असावी. तपासणीच्या दिवशी एनिमा घ्यायचा की नाही, आणि कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे त्याच दूरध्वनीवर लिहून घ्यावे.